विल्यम कुक आणि त्यांची काळी कोंबडी

ज्यांच्या दाराशी खुराडे आहे अशा आमच्या वाचकांस पुढील हिशेब नवा वाटणार नाही. गावरान कोंबडी एका पाळीस दहापंधरा अंडी घालते आणि मग खुडूक होते. अंडी खाली ठेवली तर एकवीस दिवस रवणीवर बसते. पिले निघाली म्हणजे दोन-तीन महिने त्यांस घेऊन उकिरडा उकरीत फिरते. आणि ती मोठी झाल्यावर मग पुन्हा अंड्यावर येते. वर्षाअखेर मोजून पाहिले तर पन्नास-साठ अंडी भरतात. त्यांतली काही पिलांसाठी गेली, काही मुंगसाने नेली, काही पाहुण्यांस लागली. बाजारात नेण्याजोगी राहतात ती थोडीच. ह्यात त्या बिचाऱ्या पाखराचा दोष नाही. आपला वंश वाढवावा एवढेच तिला ठाऊक. मालकाच्या संसारास मीठमिरची मिळावी हे तिला ठाऊक नाही.

तेव्हा त्याच अंगणात, त्याच मूठभर कणीकोंड्यावर, ह्याच्या दुप्पट-तिप्पट अंडी देणारी कोंबडी करता येईल काय? हा प्रश्न मोठ्या विद्यालयांतील पंडितांनी हाती घेण्यापूर्वी इंग्लंडातील एका कोचमनाने हाती घेतला. त्यांचे नाव विल्यम कुक. त्यांचे चरित्र आज आम्ही सांगत आहोत, कारण त्यात यश आहे तसेच एक मोठे नुकसानही आहे, आणि ते नुकसान कसे झाले हे कळणे आपल्यासारख्या खेड्यातल्या लोकांस विशेष उपयोगाचे आहे.

कुक ह्यांचा जन्म १८४९ साली हंटिंग्डनशायर परगण्यातील सेंट निऑट्स ह्या गावी झाला. तरुणपणीच ते पोटासाठी केंट परगण्यात आले व तेथे घोड्यांची निगा राखणे आणि गाडी हाकणे हे काम करू लागले. त्यांचे पुढचे आयुष्य लंडन शहराच्या दक्षिणेस असलेल्या ऑर्पिंग्टन व सेंट मेरी क्रे ह्या गावांच्या आसपास गेले. ही गावे तेव्हा केंटमधील खेडी होती. १९६५ सालापासून ती बृहत् लंडनात मोडतात. कुक ह्यांच्यापाशी जमीनजुमला नव्हता. कोंबड्यांची आवड मात्र विलक्षण होती, आणि ती केवळ डोळ्यांची आवड नव्हती. कोणती कोंबडी किती अंडी घालते, कोणत्या महिन्यात घालते, किती दाणा खाते आणि किती वेळा खुडूक होते, हे पाहण्याची त्यांस हौस होती.

त्या काळच्या इंग्लंडात कोंबड्यांचे वेड काही कमी नव्हते. चीन देशाकडून कोचीन नावाच्या थोराड कोंबड्या आल्यापासून तर गावोगाव प्रदर्शने भरू लागली होती. परंतु त्या प्रदर्शनांत बक्षीस मिळे ते तुऱ्याच्या दात्यांस, पिसांच्या रंगास आणि पायांच्या ठेवणीस. अंडी कोणी मोजीत नसे. उलटपक्षी, मजुराच्या झोपडीमागे ज्या पाचसहा कोंबड्या असत त्यांच्याकडून घरच्या बाईस अंडीच हवी असत, आणि तीही हिवाळ्यात. ह्याचे कारण असे की, कोंबडीचे अंड्यावर येणे दिवसाच्या उजेडावर फार अवलंबून असते. इंग्लंडात हिवाळ्याचा दिवस अगदी लहान. त्यामुळे त्या दिवसांत बहुतेक कोंबड्या अंडी घालणे बंद करीत व अंड्याचा भाव चढे. जी कोंबडी त्या दिवसांतही अंडी देईल ती गरिबाच्या घरची लक्ष्मीच ठरावयाची.

कुक ह्यांनी ठरविले की, अशी कोंबडी कोठे आयती मिळत नसेल तर ती आपण घडवावी. तिने हिवाळ्यात अंडी द्यावी, वारंवार खुडूक होऊ नये, थंडीपावसात टिकावी, आणि अंडी देण्याचे वय सरल्यावर तिचे चांगले मांसही मिळावे. शिवाय ती रंगाने काळी असावी, कारण लंडनच्या धुराड्यांचा काजळीधूर पांढऱ्या पिसांवर बसून पाखरू मळकट दिसे. काळ्यावर ती काजळी दिसत नसे. हे सारे गुण एका जातीत नव्हते. तेव्हा निरनिराळ्या जातींचा संकर करून, एकीचा एक गुण आणि दुसरीचा दुसरा असे ते एकत्र आणावयाचे होते.

त्यांनी तीन जाती घेतल्या. पहिली मिनोर्का. ही स्पेनकडील काळी कोंबडी. अंडी पांढरी व चांगली मोठी, आणि खुडूक होण्याची खोड फारच थोडी. परंतु तिचा तुरा फार मोठा असल्यामुळे कडक थंडीत तो गोठून दुखावतो, आणि अंगाने ती हलकी असते. दुसरी प्लिमथ रॉक. ही अमेरिकेतील जात अंगाने भरलेली, काटक व शांत. तिचा खरा रंग करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. पण तिच्या पिलांत मधूनमधून एखादे अगदी काळे निघे. प्रदर्शनवाले असे पिलू जातीबाहेरचे म्हणून टाकून देत. कुक ह्यांनी नेमकी हीच टाकलेली काळी पिले आपल्या कामासाठी घेतली. तिसरी लँगशान. ही चीनमधील काळी कोंबडी १८७२ साली मेजर क्रोड ह्यांनी इंग्लंडात आणली होती. हिवाळ्यात अंडी देण्याविषयी तिची ख्याती होती व तिची अंडी तपकिरी असत. दोष एवढाच की, तिच्या पायांवर पिसे असतात आणि त्यांत चिखल भरतो. कुक ह्यांनी तिच्यातील ज्यांचे पाय स्वच्छ होते असेच कोंबडे निवडले.

काम दोन पायऱ्यांनी झाले. मिनोर्का कोंबडा व काळ्या प्लिमथ रॉक कोंबड्या ह्यांचा प्रथम संयोग केला. त्यांपासून ज्या तलंगा झाल्या त्यांस मग स्वच्छ पायांच्या लँगशान कोंबड्यांशी जोडले. ह्याप्रमाणे तीन देशांचे रक्त एका पाखरात आले. गावाच्या नावावरून त्या नव्या जातीस ऑर्पिंग्टन हे नाव दिले गेले, आणि १८८६ साली काळी ऑर्पिंग्टन लोकांपुढे आली.

येथे वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. दोन भिन्न जातींच्या पहिल्या संकराची पिले बहुधा जोमदार निपजतात. ती लवकर वाढतात, मरतात कमी, आणि अंडीही पुष्कळ वेळा आईबापांच्या सरासरीहून अधिक देतात. हे पाहून नवशिका हुरळून जातो व वाटेल तसा संकर करीत सुटतो. परंतु त्या पहिल्या संकराची पिले आपसांत जोडली म्हणजे दुसऱ्या पिढीत सर्व प्रकारचा पसारा होतो. कोणी आजीवर जाते, कोणी आजोबावर. कोणाच्या पायांवर पिसे येतात, कोणाचा तुरा मोठा होतो, कोणी वारंवार खुडूक बसते. आणि पहिला जोमही पुष्कळसा उतरतो. आज ह्याची कारणे आपणांस ठाऊक आहेत. ग्रेगोर मेंडेल ह्यांनी वाटाण्याच्या झाडांवर केलेले प्रयोग १८६६ साली छापले गेले, परंतु १९०० पर्यंत त्यांजकडे कोणाचे लक्ष गेले नाही. त्यानंतर लवकरच विल्यम बेटसन ह्यांनी कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून दाखविले की तेच नियम प्राण्यांसही लागू आहेत. कुक ह्यांस ह्यांपैकी काहीच उपलब्ध नव्हते. त्यांच्यापाशी होते ते एवढेच: नजर, हिशेब आणि धीर. मनासारखी नसतील ती पाखरे काढून टाकावयाची, असतील ती ठेवावयाची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच करावयाचे. संकर एका दिवसात होतो. जात मात्र निवडीने होते.

कुक ह्यांनी आपली विद्या स्वतःपाशी ठेवली नाही. कोंबड्यांपासून गरिबास नफा कसा मिळेल हे सांगणारे पुस्तक त्यांनी लिहिले, नियतकालिक चालविले, आणि ठिकठिकाणी व्याख्याने देऊन खेडूत लोकांस खुराडे कसे बांधावे, दाणा कोणता व किती द्यावा, पिले कोणत्या महिन्यात काढावी हे समजावून सांगितले. त्यांची पाखरे व अंडी दूरदूरच्या देशांत जाऊ लागली. कोचमनाचा धंदा सुटला आणि कोंबड्यांचा मोठा व्यापार उभा राहिला. १८८९ साली त्यांनी पांढरी ऑर्पिंग्टन काढली. तीत पांढरी लेगहॉर्न, काळी हँबर्ग व पांढरी डॉर्किंग ह्या जातींचा संकर होता. १८९४ साली पिवळसर, म्हणजे बदामी रंगाची ऑर्पिंग्टन आली व ती सर्वांत लोकप्रिय झाली. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास साठ वर्षे झाली, तेव्हा त्या उत्सवाच्या नावाने त्यांनी ठिपक्याठिपक्यांची ज्युबिली ऑर्पिंग्टन काढली.

चरित्र सांगताना केवळ गुणच सांगावे हे आम्हांस योग्य वाटत नाही. बदामी कोंबडीविषयी कुक ह्यांच्यावर उघड आक्षेप आला. लिंकनशायर परगण्यातील शेतकऱ्यांपाशी तशाच रंगाची कोंबडी पूर्वीपासून होती. तीच घेऊन कुक ह्यांनी आपले नाव दिले, असे पुष्कळ लोक म्हणू लागले. कुक ह्यांनी आपला संकर निराळा असल्याचे सांगितले, परंतु वाद मिटला नाही. त्यांच्या पश्चातही तो चालू राहिला. शिवाय काळी, पांढरी, बदामी, ठिपक्यांची अशा ह्या सर्व कोंबड्यांचे रक्त एक नव्हतेच. नाव मात्र एकच. व्यापारात नावास किंमत आली म्हणजे मनुष्य नावाचा विस्तार करू लागतो. ज्या गृहस्थाने अंड्यांसाठी कोंबडी घडविली तोच पुढे रंगांच्या मागे थोडाबहुत गेला, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

परंतु खरे नुकसान दुसरीकडून झाले. काळी ऑर्पिंग्टन येऊन पुरती पाचसहा वर्षे झाली नव्हती, तोच १८९१ च्या सुमारास जोसेफ पार्टिंग्टन नावाच्या गृहस्थांनी प्रदर्शनात त्याच नावाचे निराळेच पाखरू आणले. ते कुक ह्यांच्या कोंबडीहून पुष्कळ मोठे, पिसांनी गच्च भरलेले, चेंडूसारखे वाटोळे आणि दिसण्यात मोठे डौलदार होते. त्यात लँगशान व कोचीन ह्यांचे रक्त विशेष होते असे जाणकारांचे मत पडले. परीक्षक भुलले, लोक भुलले, आणि बक्षिसे त्यास मिळू लागली. बक्षिसामागे किंमत आली. किंमतीमागे पैदास करणारे आले. थोड्याच वर्षांत इंग्लंडातील प्रदर्शनांत मूळची आटोपशीर, अंडी देणारी काळी ऑर्पिंग्टन मागे पडली व पिसांचा ढीग तेवढा पुढे आला.

त्याचा परिणाम अंड्यांवर झाला. हे कसे घडते ते समजून घ्यावे. शंभर पिलांतून पुढील वर्षासाठी दहा ठेवावयाची असतात. ती दहा जर पिसांवरून निवडली, तर अंडी कोण अधिक देते हा विचार आपोआप सुटतो. चांगली अंडी देणारी पण पिसांनी विरळ असलेली तलंग कढईत जाते, आणि महिनोन्महिने खुडूक बसणारी पण भरघोस पिसांची कोंबडी वंश चालविते. कोणी अंडी कमी करावी म्हणून काही करीत नाही. तरी दहा वर्षांत ती कमी झालेली असतात. जो गुण आपण मोजीत नाही तो गुण आपण हळूहळू गमावतो. कुक ह्यांनी मजुराच्या अंगणासाठी केलेली कोंबडी ह्याप्रमाणे श्रीमंताच्या पिंजऱ्यातील शोभेची वस्तू झाली, आणि हे त्यांच्या डोळ्यांदेखत झाले.

आयुष्याच्या शेवटी कुक ह्यांनी अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानात स्कॉच प्लेन्स ह्या गावी आपल्या व्यापाराची शाखा काढली. १९०४ साली त्यांचे निधन झाले. वय सुमारे पंचावन्न वर्षांचे होते. त्या दिवशी कोणी हिशेब केला असता तर असे दिसले असते की, त्यांचे नाव सर्वत्र झाले आहे, परंतु ज्या हेतूने त्यांनी आरंभ केला तो हेतू त्यांच्याच देशात बाजूस पडला आहे.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. कुक ह्यांच्या हयातीतच ऑर्पिंग्टन जातीची पाखरे जहाजांतून ऑस्ट्रेलियात गेली होती. त्या देशात त्या काळी अंडी घालण्याच्या शर्यती सुरू झाल्या होत्या. न्यू साउथ वेल्समधील हॉक्सबरी येथील कृषिविद्यालयात अशा शर्यती भरत. त्या शर्यतीत पिसांस मान नव्हता. प्रत्येक मालकाने सहा कोंबड्या द्यावयाच्या, त्यांस वर्षभर सारख्याच रीतीने ठेवावयाचे, आणि रोज पडलेले प्रत्येक अंडे मांडून ठेवावयाचे. वर्षाअखेर ज्याची बेरीज मोठी तो जिंकला. अशा ठिकाणी पिसांच्या ढिगाचा निभाव कसा लागणार? म्हणून तेथील शेतकऱ्यांनी प्रदर्शनी रूप सोडून दिले व ऑर्पिंग्टन पुन्हा अंड्यांच्या हिशेबाने निवडण्यास आरंभ केला. जरूर तेथे त्यांनी मिनोर्का, लँगशान व पांढरी लेगहॉर्न ह्यांचे रक्त बेताबेताने पुन्हा घातले. म्हणजे कुक ह्यांची पद्धतच त्यांनी दुसऱ्या गोलार्धात पुढे चालविली.

१९२२-२३ साली ह्या कामास फळ आले. ह्या जातीच्या सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत मिळून १८५७ अंडी घातली. म्हणजे दर कोंबडीस ३०९ हून अधिक पडली. खुराड्यात दिवे लावून दिवस लांबविण्याची युक्तीही तेव्हा केलेली नव्हती. ही बातमी ऐकून सर्व देशांतून त्या कोंबड्यांस मागणी आली. पुढे ह्याच जातीच्या एका कोंबडीने ३६५ दिवसांत ३६४ अंडी घालून त्याहूनही मोठा विक्रम केला. ऑस्ट्रेलिया व ऑर्पिंग्टन ह्या दोन नावांवरून त्या जातीस ऑस्ट्रालॉर्प हे नाव पडले. ती काळीच आहे, आणि तिच्या पिसांवर उन्हात हिरवट झाक दिसते. प्रदर्शनाने हरविलेली कोचमनाची कोंबडी वहीपेन्सिलीने पुन्हा सापडली, असेच म्हणावयाचे.

ही कोंबडी आपल्यास परकी राहिलेली नाही. आपल्या देशात सरकारी कुक्कुटपालन केंद्रांनी काळी ऑस्ट्रालॉर्प पाळली, तिची पिले खेड्यापाड्यांत दिली, आणि ऑस्ट्रालॉर्प व पांढरी लेगहॉर्न ह्यांच्या संकरापासून ऑस्ट्रोव्हाइट नावाची कोंबडीही केली. आमच्या काही वाचकांनी तशी पिले आणून पाहिली असतील; आणि काहींची अशी तक्रारही असेल की, पहिल्या वर्षी अंडी पुष्कळ मिळाली, पण दोनतीन वर्षांत सर्व पुन्हा पहिल्यासारखे झाले. वरील चरित्र ज्याने लक्षपूर्वक वाचले त्यास ह्याचे कारण सांगावयास नको. संकराची पिले आपसांत जोडली गेली, गावातला वाटेल तो कोंबडा त्यांत शिरला, आणि निवड कोणी केलीच नाही.

म्हणून कुक ह्यांच्या आयुष्यावरून घेण्याजोग्या चारपाच गोष्टी आम्ही येथे सांगतो. पहिली, अंडी मोजावी. खुराड्याजवळच्या भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढली तरी पुरे. कोणती कोंबडी देते व कोणती फुकट खाते हे दोन महिन्यांत कळून येईल. दुसरी, पाहुणा आला म्हणजे हाती लागेल ती कोंबडी कापू नये. चांगली अंडी देणारी आई राखावी, आणि तिच्याच पिलांतला धट्टाकट्टा कोंबडा पुढच्या पिढीसाठी ठेवावा. अंडी कोंबडी घालते हे खरे, परंतु तो गुण पिलांस बापाकडूनही येतो. आणि एकच कोंबडा सर्व कळपाचा बाप असल्यामुळे त्याची निवड सर्वांत महत्त्वाची. तिसरी, तो कोंबडा आपल्याच कळपात वर्षानुवर्षे ठेवू नये. दुसऱ्या गावच्या विश्वासू मनुष्याशी अदलाबदल करावी, म्हणजे सख्ख्या नात्यात संयोग होऊन वंश दुबळा होत नाही. चौथी, संकराच्या कोंबड्यांबरोबर दोनतीन गावरान कोंबड्या अवश्य ठेवाव्या. जी कोंबडी खुडूक होत नाही ती अंडी देते, पण पिले काढीत नाही. तिची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवावी लागतात. गावरान कोंबडीची जी खोड अंड्यांच्या हिशेबात तोट्याची, तीच पिलांच्या हिशेबात फायद्याची आहे. पाचवी, मानमोडीची लस वेळेवर टोचून घ्यावी. नाहीतर कितीही चांगली जात आणली तरी एका आठवड्यात खुराडे रिकामे होते.

ह्यांपैकी कोणत्याही गोष्टीस फार पैसा लागत नाही. कुक ह्यांच्यापाशीही आरंभी पैसा नव्हता. दुसऱ्यांनी टाकलेली काळी पिले त्यांनी उचलली आणि त्यांजकडे नीट पाहिले. त्यांची चूकही आपण विसरू नये. जोवर अंड्यांकडे लक्ष होते तोवर कोंबडी सुधारत गेली. लक्ष पिसांकडे गेले तेव्हा ती बिघडली. आणि पुन्हा अंड्यांकडे वळले तेव्हा पुन्हा सुधारली. पाखरू तेच होते, पाहणाऱ्याची दृष्टी मात्र बदलली होती. आपल्या अंगणातील कोंबडीविषयी आपली दृष्टी कोणती आहे, ह्याचा विचार वाचकांनी आज सायंकाळी खुराडे लावताना करावा.